होडीत पाणी शिरलं तर : गोव्यातल्या लहान मच्छीमार होड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वीस ते तीस फुटी होड्यांसाठी आहे. रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची) लाकडी होडी, उलंडीची (तोल धरायला बाजूला तरता ओंडका जोडलेली) होडी, आउटबोर्ड म्हणजे मागे अडकवायचं इंजिन लावलेली फायबर. ट्रॉलर आणि पर्सीनवाल्यांच्या, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटींच्या, अडचणी वेगळ्या, त्या इथं घेतलेल्या नाहीत. केरी, हरमल, मोरजी, शापोरा या आमच्या बाजूला जाळी विणताना आणि शिवताना जे प्रश्न निघतात ते, आणि घरच्या बायकांनी विचारलेले काही, असे दोन्ही इथं आहेत.

होडीत पाणी येतं कुठून? भोक पडूनच ना?

भोक पडून क्वचित. बहुतेक वेळा पाणी काठावरून येतं. होडी रिकामी असताना काठ पाण्याच्या वर हात-दीड हात असतो. त्यात जाळं चढलं, बर्फाची पेटी चढली, पेट्रोलचे कॅन चढले, चार माणसं चढली, आणि परतताना तारल्यांचा चांगला घोळका लागला, की तोच काठ वीतभर उरतो. मग जी लाट सकाळी होडीखालून निघून गेली होती, तीच संध्याकाळी आत येते. लाट बदललेली नसते, काठ खाली गेलेला असतो. होडीत पाणी भरल्याच्या गोष्टी ऐकताना मी आता नेहमी एकच विचारतो : निघताना काठ किती वर होता? निम्म्या वेळा उत्तर तिथंच मिळतं.

दुसरी जागा मागची. आउटबोर्ड बसावा म्हणून मागची फळी मध्ये कापून खाली घेतलेली असते, आणि इंजिन, टाकी, तांडेल (होडी चालवणारा) हे सगळं वजनही तिथंच. होडी थांबलेली असताना मागून लाट आली तर तिला चढायला हाच सगळ्यात सोपा उंबरठा. त्यानंतर बुचाचं भोक, लाकडी होडीचे सांधे, खडकाला घासून फुटलेला फायबर आणि पावसाचं पाणी.

तळाला थोडं पाणी असतंच. किती झालं की काळजी करायची?

घोट्याला लागलं की. हिशेब करून बघा. वीस फूट लांब आणि पाच फूट रुंद होडी दोन्ही टोकांना निमुळती असते. तिच्यात १० सेंटिमीटर पाणी साठलं तर ते साधारण सहाशे ते साडेसहाशे लिटर होतं, म्हणजे तितकेच किलो आणि वर थोडं, कारण समुद्राचं पाणी लिटरमागे २५ ग्रॅमनं जड. दहा माणसं होडीत जादा बसल्यासारखं आहे हे.

माणसं निदान एका जागी बसतात. पाणी धावतं. होडी डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे जातं आणि तिला आणखी कलवतं. पुढे वाकली की सगळं नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात. म्हणून घोटाभर पाणी असलेली होडी आळसावल्यासारखी वाटते : कललेली लवकर सरळ होत नाही, लाटेवर उठायला वेळ लावते. जुन्या तांडेलाला हे पायाला कळतं, पाणी न बघताच तो म्हणतो, ‘होडी जड झाली रे, उपसा.’ हा जडपणा जाणवला की जाळं ओढायचं थांबवून आधी पाणी काढायचं.

पाणी शिरायला लागलं. पहिलं काय?

ओरडायचं नाही आणि उभं राहायचं नाही. उभी माणसं म्हणजे वर गेलेलं वजन, आणि एकाच बाजूला धावलेली चार माणसं होडी उलटवायला पुरतात.

लाइफ जॅकेट घातलेली नसतील तर त्याच क्षणी घालायची. नाळेत जाळ्याखाली कोंबलेली जॅकेटं या वेळी निघत नाहीत, म्हणून ती निघतानाच अंगावर हवीत, पण हे ऐकून लोक मला कंटाळलेत. त्यानंतर नाळ लाटेकडे वळवा. इंजिन चालू असेल तर बंद करू नका, होडी जेमतेम पुढे सरकेल इतक्या वेगात ठेवा. इंजिन बंद पडलं असेल तर नाळेवरून नांगर सोडा. तळ खोल असेल आणि नांगर लागत नसेल तर दोराला बादली किंवा जाळ्याचा गुंडाळा बांधून नाळेवरून पाण्यात सोडा. तो पाण्यात ओढ घेतो आणि नाळ लाटेकडे धरून ठेवतो. होडी आडवी राहिली तर उपसलेलं सगळं पुढची लाट परत भरते.

उपसायला एक किंवा दोन माणसं, बसून, मधल्या भागातून किंवा जिथं पाणी जमतं तिथून. बाकीचे खाली बसून वजन मध्ये ठेवतील. दहा लिटरची बादली भरभर मारली तर मिनिटाला ८०-१०० लिटर जातात, पण पाच मिनिटांत हात भरून येतात, म्हणून आधीच पाळी ठरवा. बादली दोरानं होडीला बांधलेली असू द्या. हातातून सुटलेली बादली वाऱ्यानं दहा हात लांब जाते आणि तिच्यामागे कोणीतरी वाकतो. पाच लिटरचा तेलाचा कॅन तिरका कापून केलेलं डबडंही हवंच, फळ्यांच्या मधल्या खाचांत बादली शिरत नाही.

फोन यानंतर नाही, याच वेळी करायचा. एक माणूस उपसत असताना दुसऱ्यानं १५५४ लावावा, हा तटरक्षक दलाचा शोध आणि बचावासाठीचा मोफत क्रमांक. ११२ सुद्धा चालतो, आणि किनारी पोलिसांचा १०९३. व्हीएचएफ (बिनतारी संच) असेल तर चॅनेल १६. पाणी गुडघ्याला आल्यावर फोन शोधत बसू नका, तोवर तो बहुधा भिजलेला असतो.

जाळं फेकून द्यायचं का? लाखाचं जाळं आहे.

माहीत आहे. कर्जाचं आहे, अजून हप्ते चालू आहेत, तेही माहीत आहे. म्हणूनच लोक ते शेवटपर्यंत धरून ठेवतात आणि मग जाळंही जातं, इंजिनही जातं.

ओलं जाळं आणि त्यातली मासळी हे होडीतलं सगळ्यात मोठं वजन, आणि ते बहुतेक वेळा वर रचलेलं असतं. आधी मासळी सोडा. ती उद्या परत मिळते. तरीही काठ वर येत नसेल तर जाळं सोडा, पण रीत पाळून : एका टोकाला मोठा बोया किंवा बंद झाकणाचा रिकामा कॅन बांधा, म्हणजे नंतर सापडू शकतं. आणि ज्या बाजूनं वारा येतोय त्या बाजूला सोडा. होडी वाऱ्याबरोबर सरकते, जाळं तितकं सरकत नाही, म्हणून ते आपोआप होडीपासून दूर राहतं. उलट्या बाजूला सोडलं तर होडी त्याच्यावरच चढते, इंजिनच्या पंख्यात जाळं जातं, आणि पाण्यात उतरायची वेळ आली तर पायातही. जाळं अर्धं पाण्यात असताना पाणी शिरायला लागलं तर ते ओढून घ्यायच्या मागे लागू नका, कापा. कोयता किंवा सुरी नेहमी एकाच जागी अडकवलेली हवी, अंधारात हात थेट तिथं जायला हवा.

तळाला भोक पडलं तर पंप पुरेल का?

लहान होड्यांना जे छोटे बॅटरीचे पंप लावतात ते ताशी ५०० गॅलनचे असतात. कागदावर मिनिटाला साधारण ३० लिटर, प्रत्यक्षात नळी वर चढवल्यावर आणि बॅटरी उतरल्यावर कमीच. आता भोकाचं बघा. पाण्याखाली एक फुटावर एक इंचाचं भोक असेल तर त्यातून मिनिटाला सुमारे ४० लिटर पाणी येतं. दोन इंचाचं असेल तर चौपट, १६०-१७० लिटर. म्हणजे बोटभर भोकालाच पंप हरतो. पंप सांध्यातून झिरपणाऱ्या आणि उडून आलेल्या पाण्यासाठी आहे, फुटलेल्या होडीसाठी नाही.

म्हणून भोक आधी लहान करा. हातात जे येईल ते कोंबा : टॉवेल, बनियन, चिंधीत गुंडाळलेला लाकडाचा तुकडा. पूर्ण बंद होणार नाही, पण निम्मं झालं तरी बादली जिंकू शकते. भोक काठाजवळ असेल तर सगळ्यांनी दुसऱ्या बाजूला सावकाश सरकून ते पाण्यावर आणा. नाळेला फुटलं असेल तर वेग कमी करा, वेगानं पाणी जोरात आत ढकललं जातं. ताडपत्री असेल तर दोन्ही टोकांना दोर बांधून बाहेरून भोकावर ओढून घेता येते, पाण्याचा दाबच तिला चिकटवतो. एम-सील आणि फायबरचं काम किनाऱ्यावर, कोरड्यात.

वागातोर-हणजुणच्या खडकांजवळ जाळं लावणाऱ्यांनी हे सगळं एकदा उथळ पाण्यात करून बघावं. हसतील लोक, हसू देत.

बूच लावायचं विसरणं खरंच इतकं होतं?

माझ्या चुलत भावाचं झालंय, म्हणून सांगतो. फायबर होडी धुतली, पाणी जाऊ दे म्हणून मागचं बूच काढलं, ते पेटीवर ठेवलं. पहाटे चार वाजता तिघं निघाले. वेगात असताना मागच्या भोकातून पाणी आत येत नाही, उलट असलेलं बाहेर खेचलं जातं, म्हणून काहीच कळलं नाही. जाळं टाकायला थांबले तेव्हा मागून शिरायला लागलं, आणि अंधारात, इंजिनच्या आवाजात, ते टाकी तरंगायला लागेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. बूच घरी. कांदा कापडात गुंडाळून भोकात ठोकला आणि सोडला नाही, किनाऱ्याला लागेपर्यंत. जेवणाच्या डब्याबरोबर कांदा नेलेला होता म्हणून.

बूच होडीला साखळीनं बांधा, आणि एक जादा बूच इंजिनच्या हँडलला दोरीनं लटकवून ठेवा. इतकंच.

आमची होडी समुद्रात नीट असते, नदीच्या तोंडावरच पाणी घेते. असं का?

गोव्यातल्या प्रत्येक मच्छीमाराला हा प्रश्न पडतो, कारण आपली बंदरं बहुतेक नद्यांच्या आत आहेत. शापोरा, मालीम, कुटबण, बेतूल, तळपण, सगळीकडे आत-बाहेर करताना तोंड ओलांडावं लागतं. नदी वाळू आणून तोंडावर टाकते, लाटा ती परत ढकलतात, आणि मध्ये वाळूचा पट्टा साचतो. समुद्रात खोलावर लाट गोल, लांब असते. ती पट्ट्यावर आली की खालून अडते, उंच होते आणि फुटते. साळ नदीच्या तोंडावर ट्रॉलरसुद्धा अडकतात, तिथं होडीची काय कथा. मांडवीचं आग्वादचं तोंड पावसाळ्यात इतकं खवळतं, की खनिजाच्या बार्जी ते टाळून कुंभारजुवे कालव्यानं जुवारीत जात.

पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा बाहेर पडताना मे महिन्यातली वाट डोक्यात धरून जाऊ नका.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे ओहोटीचा जोर. नदीचं पाणी बाहेर धावतंय आणि समोरून लाट येतेय, अशात लाट उभी राहते, भिंतीसारखी, आणि दोन लाटांमधलं अंतर कमी होतं. होडीची नाळ एका लाटेतून वर येते न येते तोच दुसरी अंगावर. तीच जागा भरतीच्या शेवटी ओलांडली तर कधीकधी वाटतं, कुठं होता पट्टा?

बाहेर जाताना नाळ लाटेवर सरळ ठेवा, माथ्यावर पोचताना वेग कमी करा, नाहीतर होडी पलीकडे आपटते आणि तळ फुटतो. आत येणं जास्त कठीण. लाट मागून येते, होडीचा मागचा भाग उचलते, नाळ खाली खुपसते आणि होडी आडवी फिरवते. ती आडवी झाली की पुढची लाट काठावरून आत. म्हणून तोंडाबाहेर थांबा, लाटा बघा. मोठ्या लाटा सहसा तीन-चारच्या गटानं येतात, त्यानंतर थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत, एका लाटेच्या पाठीवर राहून, तिच्या माथ्याच्या पुढे न जाता आत या. वजन थोडं मागे, नाळ हलकी. जाळं खाली बांधलेलं, माणसं बसलेली, जॅकेटं अंगावर. आणि जमत नसेल तर बाहेरच नांगर टाकून दोन तास थांबा. मासळी थोडी नरम पडेल.

भरती कधी ते मोबाइल नसताना कसं काढायचं?

आजोबांच्या पद्धतीनं : तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा.

यात एक गोष्ट लपलेली आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती-ओहोटी असते, भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटीचा सगळ्यात मोठा जोर दुपारी दोनच्या आसपास. आणि डिसेंबर ते एप्रिल वायव्येचा खारा (समुद्रावरून येणारा) वाराही दुपारी दोन-तीनलाच चढतो. उधाणाच्या दिवशी दुपारी तोंडावर होड्या पाणी का घेतात, त्याचं हे गणित. सकाळच्या मतलई (जमिनीकडून येणाऱ्या) वाऱ्यात गेलेला माणूस ‘समुद्र तेलासारखा आहे’ म्हणतो, तो खोटं बोलत नसतो, फक्त परतायची वेळ त्यानं धरलेली नसते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, हा जोर बराच कमी असतो.

लाकडी होडी पावसाळ्यानंतर पाण्यात घातली की गळते. सांधे गेले का?

लगेच घाबरू नका. झावळ्यांच्या खोपीत महिनोन्‌महिने राहिलेल्या होडीच्या फळ्या सुकून आखडतात. पाण्यात गेल्या की फुगतात आणि सांधे मिटतात. म्हणून पहिले एक-दोन दिवस ती उथळ पाण्यात बांधून ठेवा, आत पाणी मारा, उपसत राहा. त्यानंतरही एकाच जागी पाण्याची रेघ दिसत असेल तर मात्र ती जागा उघडून कापूस-राळ नव्यानं भरा. काथ्यानं शिवलेल्या जुन्या रापणीच्या होड्यांत दोरी कुजलेली असू शकते, नखानं ओढून बघा. लाकडात बारीक भोकांची चाळण दिसली तर पोखरणारा किडा लागलाय, त्यावर वरून रंग मारून काही होत नाही.

जाळं पंख्यात गेलं, इंजिन बंद, होडी फिरतेय. मागून नांगर टाकून पंखा सोडवू का?

मागून नांगर कधीही नाही. मागून बांधलेली होडी आपला सगळ्यात खालचा भाग लाटेकडे करून उभी राहते, वर इंजिनचं वजन, वर पंखा सोडवायला वाकलेला माणूस. दोन लाटांत भरते. नांगर नाळेवरून, मग इंजिन वर उचलून काम. एकानंच मागे जावं, बाकीचे पुढे बसून तोल धरतील.

उलंडीची होडी उलटत नाही म्हणतात, खरं का?

उलंडीच्या बाजूला सहसा नाही. पण सगळे एकदम विरुद्ध बाजूला झुकले तर उलंडी पाण्यातून वर उठते, आणि एकदा ती डोक्यावरून गेली की होडी सरळ करणं मुश्किल. उलंडीचे आडवे वासे आणि दोर दर आठवड्याला हलवून बघा. एक दोर सैल असेल तर उलंडी लाटेत खाली दबते आणि होडीला आपल्याकडे ओढते, मग त्या बाजूच्या काठावरून पाणी.

होडी नदीत बांधलेली होती, रात्रीत बुडाली. कोणी केलं?

बहुधा पावसानं. २४ तासांत १०० मिलिमीटर पाऊस आपल्याकडे जुलैत नवा नाही. तेवढ्यानं त्याच वीस फुटी होडीत सहाशे लिटर पाणी जमतं. इंजिन मागे असल्यानं ते सगळं मागे साठतं, मागची कापलेली फळी पाण्याला टेकते, आणि मग नदीच आत येते. इंजिन काढून घरी न्या, किंवा ताडपत्री मध्ये उंच करून घाला, नुसती पसरलेली ताडपत्री स्वतःच तलाव होते.

दुसरं कारण दोराचं. ओहोटीला धक्क्याला घट्ट बांधलेली होडी भरतीला वर येते आणि काठ धक्क्याच्या कठड्याखाली अडकतो. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरपर्यंत चढतं. होडी अडकते, पाणी चढत राहतं. शेजाऱ्याशी भांडायच्या आधी दोर बघा.

जून-जुलैत मासेमारीला बंदी असते, पण आमच्या होडीला मुभा आहे. मग जायला काय हरकत?

१ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीतून गोव्यात १० अश्वशक्तीपर्यंतच्या आउटबोर्डवर गिलनेट (मासा कल्ल्यात अडकवणारं जाळं) लावणाऱ्या होड्या वगळलेल्या आहेत, ते बरोबर. पण ही मुभा मासे आणि पोट बघून दिलेली आहे, लाट बघून नाही. मोठा ट्रॉलर बंदरात आणि सगळ्यात लहान होडी बाहेर, अशी उलटी व्यवस्था त्या दोन महिन्यांत होते. नदीत आणि खाडीत मारा, तिथं त्या दिवसांत मासळीही असते. २९ जूनला सेंट पीटरच्या फेस्ताला दोन होड्या जोडून सांगोड काढतात, तो नदीतच फिरतो, हे उगाच नाही. आमच्याकडचे गाबीत समाजाचे मच्छीमार नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय बाहेर पडत नसत, मग १ ऑगस्ट सरकारी तारीख असो नसो.

मुरगावला किंवा पणजीला तीन नंबरचा बावटा (बंदरावरची धोक्याची खूण) लागला असेल, किंवा हवामान खात्यानं ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वारा सांगितला असेल, तर तो दिवस घरी.

‘लाटांची उंची अडीच मीटर’ म्हणजे अडीचच ना?

नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेच्या इशाऱ्यात जी उंची असते ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते. शिवाय ती खोल समुद्रातली उंची, वाळूच्या पट्ट्यावरची नाही. वारा नसतानाही लाट येते हेही ध्यानात ठेवा : हिवाळ्यात आखातातल्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या लाटा वायव्येकडून गोव्यापर्यंत पोचतात, इथं आकाश स्वच्छ आणि तोंडावर मात्र फेस.

होडी भरली किंवा उलटली. किनारा दिसतोय. पोहू का?

नको. पाण्यातून किनारा नेहमी जवळ दिसतो. चांगला पोहणारा गड्यांना सोडून मदत आणायला निघतो, आणि बाकीचे होडीला धरून वाचतात, अशा घटना किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला ठाऊक आहेत. लाकडी होडी भरली तरी तरंगते. पोकळ्या बंद असलेली फायबरही तरंगते. होडीला धरून राहा, सगळे एका बाजूला लटकू नका, डोकी मोजा, एकमेकांशी बोलत राहा. होडी वरून दिसते, एकटं डोकं दिसत नाही. समुद्राचं पाणी पिऊ नका, कितीही ऊन असलं तरी.

फायबर होडी बुडू नये म्हणून कॅन बांधले तर?

चालतं, आणि स्वस्त आहे. २० लिटरचा बंद कॅन साधारण २० किलो उचलतो. चारशे किलोची फायबर होडी पाण्याखाली गेल्यावर तिचं ओझं सव्वाशे-दीडशे किलोच उरतं, त्यात इंजिनचे ३५-४० धरा. म्हणजे नऊ-दहा कॅन फक्त होडी तरण्यासाठी, आणि माणसांना धरायला आणखी चार-पाच. ते तळाला नको, दोन्ही बाजूंना काठाच्या खाली, सारखे वाटून घट्ट बांधा. तळाला बांधले तर होडी उलटी तरंगते.

भिजल्यावर थंडी वाजते, थोडी फेणी घेतली तर?

किनाऱ्यावर पोचून, कोरडे कपडे घालून, जेवून. पाण्यात किंवा होडीत नाही. अंग गरम वाटतं पण आतली ऊब बाहेर जाते, आणि हात ढिले पडतात.

इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं. गेलं का?

त्याच दिवशी हालचाल केली तर बहुधा वाचतं. बाहेर काढल्यावर सुरू करून बघू नका. गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, प्लग काढा, दोरी ओढून आतलं पाणी बाहेर काढा, आत तेल सोडा, पेट्रोल पूर्ण बदला. लगेच मेकॅनिककडे नेता येत नसेल तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. वाऱ्यावर सुकत ठेवलं की मीठ आणि हवा मिळून दुसऱ्या दिवशी गंज.

हिवाळ्यात पाहुणे डॉल्फिन दाखवायला सांगतात. मासेमारीच्या होडीतून नेऊ?

प्रवासी नेण्याचा परवाना कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडून वेगळा घ्यावा लागतो. आणि समुद्राच्या बाजूनं बघाल तर : डॉल्फिन दिसला की आठही माणसं एकाच बाजूला मोबाइल घेऊन उभी राहतात.

अपघात विमा मिळतो का?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत १८ ते ७० वयाच्या नोंदणी झालेल्या मच्छीमारांना सामूहिक अपघात विमा आहे. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, इस्पितळात दाखल झाल्यास २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. माणसाचा आहे, होडीचा नाही, होडीचा वेगळा काढावा लागतो. खलाशी ओडिशाचा असो की झारखंडचा, त्याचीही नावनोंदणी बघा. त्याच्या घरी कळवायला तुमच्याकडे एक फोन नंबर तरी आहे का, हे त्याच वेळी विचारून घ्या.

घरच्यांनी किती वेळ वाट बघायची?

हे निघतानाच ठरवा. ‘अकराला येतो’ म्हणालात तर घरच्यांनी एकपर्यंत थांबावं, मग शेजारच्या होडीवाल्याला फोन, कोणाला दिसलेत का विचारायचं, आणि अर्ध्या तासात पत्ता नाही तर १५५४. रात्र होऊ देऊ नका. उगाच फोन केला म्हणून कोणी रागावत नाही, आणि होडी सुखरूप आली तर परत फोन करून सांगायचं, की शोध थांबवा.

फोनवर काय सांगायचं ते कागदावर लिहून देवाऱ्यापाशी किंवा फ्रिजवर लावा : होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, किती माणसं, किती वाजता कुठून निघाली, कुठल्या बाजूला जाळं लावायचं ठरलं होतं, इंजिन कुठलं, जॅकेटं होती का. रंग विचारतात तेव्हा बायका बाहेरचा रंग सांगतात, निळी, पांढरी पट्टी. तळाचा रंगही सांगा. उलटलेल्या होडीचा तेवढाच दिसतो.